बांधणे म्हणजे सांभाळणे नव्हे

म्हातारपणी स्मरणशक्ती क्षीण झाली की माणूस रात्री-अपरात्री उठतो, भटकतो, कधी पडतो. मग पडू नये म्हणून त्याला लुगड्याने किंवा दोरीने खाटेला बांधतात. वृद्धाश्रमांत व मनोरुग्णांच्या निवासगृहांत यासाठी पट्टे किंवा खाटेचे कठडे वापरले जातात. बांधणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. परंतु हा उपाय घातक आहे.

बांधलेल्या माणसाचे स्नायू लवकर दुर्बळ होतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात. तो घाबरून धडपडतो व त्यात गळ्याला फास बसू शकतो. कठडा ओलांडताना पडला तर तो अधिक उंचावरून पडतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवासगृहाला आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. मानसिक आरोग्य संस्थेत इतर प्रकारे जखडायचे झाल्यास तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसावा, मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी असावी, तशी नोंद व्हावी आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे, असे बंधन आहे. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून बांधता येत नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांवर असेच निर्बंध आणले. त्यानंतर तेथे बांधण्याचे प्रमाण खूप घटले.

मग करावे काय? म्हातारे माणूस उगीच उठत नाही. त्याला लघवी लागलेली असते, तहान लागलेली असते, कुठे दुखत असते किंवा अंधाराची भीती वाटत असते. ते कारण शोधावे. झोपण्यापूर्वी लघवीला न्यावे. खाट बुटकी ठेवावी, मंद दिवा लावावा, वाटेतले सामान उचलावे. चष्मा व घट्ट बसणारी चप्पल जवळ ठेवावी. दिवसा थोडे फिरवावे. गुंगी आणणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आपल्या चोरखमारा परिसरात अनेक वृद्धांची सेवा घरीच होते व ती बहुधा सुनेच्या किंवा लेकीच्या एकटीच्या अंगावर पडते. थकलेल्या हातांनीच दोरी उचलली जाते. म्हणून तिला दोष देण्याऐवजी घरातील सर्वांनी पाळी वाटून घ्यावी. विद्यार्थ्यांनीही रोज अर्धा तास आजोबा-आजीजवळ बसावे. दोरीची गरज तेवढीच कमी होईल.