सूर्यांतील पिवळी रेषा व अणूचीं कवचें

आमटी उतूं जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर सांडली म्हणजे ती ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हें आपल्या पाटसच्या घराघरांतून माउलींनीं शेंकडों वेळां पाहिलें असेल. हा रंग आमटींतील मिठाचा. मीठ हें सोडियम व क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचें संयुग होय आणि पिवळा रंग त्यांपैकीं सोडियमचा. तो पिवळाच कां, हें समजावयाचें तर अणूच्या अंतरंगांत शिरलें पाहिजे.

अणूच्या मध्यभागीं धनविद्युत् असलेलें केंद्रक असतें व त्याच्या सभोंवार ऋणविद्युत् असलेले इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालीं टॉमसन यांनीं लाविला. केंद्रकाचा १९११ सालीं रदरफोर्ड यांनीं. पुढें १९१३ मध्यें डेन्मार्कच्या नील्स बोर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगतां येत नाहीं. जिन्यावर चढणारा मनुष्य पायरीवर उभा राहूं शकतो, दोन पायऱ्यांच्या मध्यें नाहीं; तसेंच इलेक्ट्रॉनचें आहे. ऊर्जेच्या या मुख्य पायऱ्यांस कवचें म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तीं वर्तुळें काढून दाखवितात, तें केवळ सोयीकरितां. इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरलेल्या वाटेनें फिरत नाहींत, हें १९२६ च्या सुमारास स्पष्ट झालें.

प्रत्येक कवचांत जागा मोजक्याच. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून त्याची दुप्पट केली कीं ती संख्या मिळते: पहिल्यांत २, दुसऱ्यांत ८, तिसऱ्यांत १८, चौथ्यांत ३२. एका जागीं एकच, दुसऱ्यानें तेथें यावयाचें नाहीं, असा हा कडक नियम पाउली यांनीं १९२५ सालीं सांगितला. इलेक्ट्रॉन सामान्यतः खालून वर जागा भरीत जातात. मात्र पोटॅशियमच्या १९ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ८, १ अशी आहे. तिसऱ्या कवचांत जागा रिकाम्या असतां शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्यांत कां गेला, असें हुशार विद्यार्थी विचारतात, व तें विचारलेंच पाहिजे. कवचांत पोटपायऱ्याही असतात, आणि येथें चौथ्या कवचाची पहिली पोटपायरी तिसऱ्याच्या शेवटच्या पोटपायरीहून खालीं येते, हें त्याचें उत्तर.

आतां सोडियम पाहूं. त्याचे इलेक्ट्रॉन ११. मांडणी २, ८, १. क्लोरीनचे १७, मांडणी २, ८, ७. एकाजवळ एक अधिक, दुसऱ्यास एक उणा. सोडियम आपला शेवटचा इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचेंही बाहेरचें कवच आठांचें होतें व मीठ तयार होतें. ज्योतीच्या उष्णतेनें याच मिठांतून सोडियमचे अणु सुटे होतात. त्यांचा तो एकुलता इलेक्ट्रॉन वरच्या पोटपायरीवर चढतो व लागलाच खालीं उतरतो. उतरतांना जी ऊर्जा सोडतो तिचा प्रकाश पिवळा असतो. वर्णपटदर्शकांतून पाहिल्यास त्याच्या दोन लगतच्या रेषा दिसतात, ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना निराळा, म्हणून रेषाही निराळ्या.

या रेषांनींच एकदां शास्त्रज्ञांस मोठ्या पेचांत टाकिलें. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण होतें. तेव्हां पटवर्धनांच्या संस्थानांत असलेल्या व आज कर्नाटकांत मोडणाऱ्या जमखंडी येथें, विल्यम हर्शेल या थोर ज्योतिर्विदांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. ढगांनीं फार सतावलें. तरी मधल्या फटींतून सूर्याच्या कडेवरील ज्वाळेंत त्यांस तांबडी, नारिंगी-पिवळी व निळी अशा तीन रेषा दिसल्या. गुंटूर येथें फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनींही निरीक्षण केलें. पिवळी रेषा सोडियमचीच, असें वाटणें साहजिक होतें. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडमध्यें लॉकियर यांनीं ग्रहणावांचून ती पाहिली, तों ती सोडियमच्या रेषांशीं जुळेना. तिचें स्थान ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी! तेवढ्यावरून त्यांनीं नवें मूलद्रव्य मानिलें, व सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्यास हेलियम हें नांव मिळालें. (लॉकियर यांनीं हा शोध विजयदुर्गावरून लाविला, अशी कथा आपल्याकडे छापलेलीही आढळते, ग्रहणाच्या दिवशीं ते इंग्लंडांतच होते.) पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांस हें पटेना. पृथ्वीवर जें कोणीं पाहिलें नाहीं तें मूलद्रव्य कसलें? सत्तावीस वर्षें हा वाद राहिला. १८९५ सालीं लंडन येथें रॅम्झे यांनीं युरेनियमच्या एका खनिजांतून निघालेल्या वायूंत तीच रेषा पाहिली, तेव्हां शंका फिटली.

हेलियम इतकीं वर्षें लपला कसा? त्याचे इलेक्ट्रॉन दोनच, आणि पहिल्या कवचांत जागाही दोनच. घर भरलेलें, कोणास देणें नाहीं, कोणाकडून घेणें नाहीं. म्हणून त्याचें मीठ नाहीं, गंज नाहीं, राख नाहीं. रसायनशाळेंत ज्या खुणांवरून मूलद्रव्य ओळखावें त्यांतील एकही नाहीं. ती पिवळी रेषा तरी केव्हां उमटते? त्याचा एक इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचापर्यंत चढून दुसऱ्यांत उतरेल तेव्हां. साध्या ज्योतीच्या उष्णतेनें तो इतका वर चढत नाहीं. सूर्याच्या ज्वाळांजवळ मात्र त्यास तेवढी ऊर्जा मिळते, आणि रॅम्झे यांच्या नळींत ती विजेच्या प्रवाहानें मिळाली.

तो युरेनियमच्याच खनिजांत कां सांपडला, हेंही पुढें उलगडलें. युरेनियमच्या अणूंतून आल्फा नांवाचे कण आपोआप बाहेर पडतात. हे कण म्हणजे हेलियमचीं उघडीं केंद्रकेंच होत. दगडांत अडकलेला असा कण आजूबाजूचे दोन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्याचें पहिलें कवच भरतें, आणि तो हेलियमचा अणु होऊन तेथेंच कोंडून राहतो.