काटा थांबू नये म्हणून : इंटरनेटच्या दोन लाईनी आणि भारवाटप यंत्र



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट अन् हुमणी यांवर लिहीत असतो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. हंगामात गट कार्यालयात येणारे सभासद विचारतात, “साहेब, तार तुटली तुमची, मग आमचा ऊस काट्यावर का उभा?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर सभासदाला कळेल अशा भाषेत देणे आमचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या ठिकाणी नोकरीस असतानाची गोष्ट. जानेवारीची रात्र, वेळ अकराची. इंटरनेटची लाईन गेली. काट्याचा सारा हिशोब बाहेरगावच्या सर्व्हरवर, त्यामुळे काटा चालू असूनही पावती निघेना. पहाटे तीनपर्यंत एकही गाडी काट्यावर चढली नाही. टायरगाडीवाले बैल सोडून शेकोटीला बसले. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हे आपण सगळेच जाणतो. उभ्या गाडीत वजन घटते अन् उताराही घटतो. चूक तारेची, पण तोटा शेतकऱ्याचा.

नेट कुठे कुठे लागते?

उसाची नोंद, तोडणी चिठ्ठी, काट्याची पावती, गट कार्यालयाचा मुख्य कार्यालयाशी हिशोब, साखर विक्रीची बिले आणि शेवटी ऊसबिल बँकेत पाठवणे, एवढ्या सगळ्याला आज इंटरनेट लागते. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज द्यावे लागते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरला. त्यातला प्रत्येक रुपया शेवटी याच तारेवरून खात्यात जातो.

कालवा आणि विहीर

बारूळच्या मानार प्रकल्पाच्या कालव्यावर ज्याचे रान भिजते आणि शिवाय ज्याची स्वतःची विहीर आहे, तो शेतकरी निर्धास्त असतो. कालव्याची पाळी चुकली तर विहीर, विहिरीची मोटार जळाली तर कालवा. इंटरनेटचेही तसेच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाईनी घ्यायच्या आणि दोन्ही एका छोट्या पेटीत आणायच्या. या पेटीला इंग्रजीत ‘लोड बॅलन्सर’ म्हणतात, आपण भारवाटप यंत्र म्हणू. कार्यालयातले सगळे संगणक या पेटीला जोडलेले असतात. कोणते काम कोणत्या लाईनीने पाठवायचे ते पेटी ठरवते.

पण एक गोम आहे. विहीर कालव्याच्या कडेला असेल आणि तिला कालव्याच्याच पाझराचे पाणी असेल, तर कालवा बंद झाला की महिनाभरात विहीरही तळ गाठते. दिसायला दोन साधने, खरे पाणी एकच! लाईनींतही हीच फसगत होते. कंपन्या दोन, पण दोघींची तार एकाच खांबावरून किंवा एकाच चारीतून आलेली. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की दोन्ही एकदम तुटतात. म्हणून लाईन घेतानाच विचारावे, “तार कोणत्या वाटेने येते?” एक लाईन जमिनीखालच्या फायबरची आणि दुसरी मोबाईल टॉवरची किंवा छतावरच्या रेडिओची असावी, हे सर्वांत बरे.

वाटप कसे करतात?

१. राखीव पद्धत : एक लाईन चालू, दुसरी राखीव. पहिली गेली की दुसरी आपोआप लागते.

२. प्रमाणाची पद्धत : दोन्ही चालू. एक लाईन १०० एमबीपीएसची आणि दुसरी २० ची असेल, तर पाचास एक या प्रमाणात कामे वाटायची. सारखी वाटली तर बारकी लाईन गुदमरते आणि मोठी रिकामी बसते.

३. कामाप्रमाणे : काटा आणि ऊसबिल चांगल्या लाईनीवर, बाकीची किरकोळ कामे दुसरीवर.

कारखान्याला पहिली आणि तिसरी यांचा मेळ घालावा, असे माझे मत आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. दोन लाईनी घेतल्या म्हणजे वेग दुप्पट होतो, असे नाही. यार्डात दोन काटे असले तर दुप्पट गाड्या मोजल्या जातील, पण एकच गाडी अर्धी या काट्यावर अन् अर्धी त्या काट्यावर चढवता येत नाही. तसेच एक काम एका वेळी एकाच लाईनीने जाते. बँकेच्या कामात तर हे फारच सांभाळावे लागते. प्रत्येक लाईनीचा बाहेरच्या जगात वेगळा पत्ता असतो. ऊसबिलाची यादी पाठवता पाठवता पत्ता बदलला, तर बँकेच्या यंत्रणेला संशय येतो आणि ती काम मधेच बंद करते. म्हणून बँकेचे काम एकाच लाईनीला बांधून ठेवावे. ती लाईन मेली, तरच दुसरीवर न्यावे.

लाईन जिवंत आहे हे कसे ओळखावे?

स्टार्टरचा दिवा लागला म्हणजे पाटात पाणी आले, असे होत नाही. पाणी बघायला पाइपाच्या तोंडाशी जावे लागते. मोडेमचा हिरवा दिवा हा स्टार्टरच्या दिव्यासारखा आहे, पुढे दहा कोसांवर तार तुटलेली असली तरी तो लागतो. म्हणून पेटीला बाहेरचे दोन वेगवेगळे पत्ते देऊन ठेवावेत. दर पाच-दहा सेकंदांनी ती दोघांना हाक मारते. तीन वेळा ओळीने दोघांकडूनही ओ आली नाही, तरच लाईन गेली असे धरावे. आणि लाईन परत आली की लगेच तिच्यावर उडी मारू नये, चार-पाच मिनिटे ती टिकते का पाहावे. नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या लाईनीमागे पेटी हेलकावे खाते आणि कोणतेच काम पुरे होत नाही.

सांभाळ

— मोडेम, भारवाटप यंत्र आणि त्यापुढची जोडणीची पेटी, तिन्ही इन्व्हर्टरवर हवीत. एक जरी राहिली तर वीज जाताच सगळे बंद.

— मोबाईलच्या लाईनीला रोजच्या डेट्याची मर्यादा असते. राखीव लाईनीवर फक्त काटा, चिठ्ठी आणि बिल एवढेच जाऊ द्यावे. व्हिडिओ चालू राहिले तर दुपारपर्यंत लाईन संपलीच म्हणून समजा.

— यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. यंत्रातल्या सगळ्या जुळवणीची प्रत काढून ठेवावी. दोन लाईनी असल्या तरी पेटी एकच असते. ती जळाली तर दुसरी उभी करायला ही प्रत लागते.

— हंगामात महिन्यातून एकदा, सफाईसाठी गाळप बंद असेल त्या दिवशी, चालू लाईन हाताने उपसून बघावी. आपोआप बदल झाला का, किती वेळात झाला, हे वहीत लिहावे. न तपासलेली राखीव लाईन म्हणजे पावसाळ्याआधी न उघडून पाहिलेले इंजिन.

वारणेचा धडा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागचा हेतू. पुढे २००७ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राने सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या साध्या संदेशावर तेच काम चालवून पाहिले. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांनाही ते पसंत पडले. त्यातून घेण्यासारखे एवढेच, की मोठी वाट बंद पडली तरी चार अक्षरांचा निरोप लहान वाटेने जातो. वजनाचा आकडा पाठवायला फार मोठी लाईन लागत नाही.

शेवटचे आणि महत्त्वाचे

लाईनी दोन काय, चार घेतल्या, तरी एखाद्या रात्री सगळ्याच जातील. त्या रात्रीसुद्धा काटा चालला पाहिजे. त्यासाठी वजनाची नोंद आधी काट्याजवळच्या संगणकात व्हावी, पावती तिथेच छापावी आणि लाईन आली की नोंदी पुढे जाव्यात. हे नसेल, तर भारवाटप यंत्राचा निम्मा उपयोग वाया गेला.

सभासदांनीही एक करावे. “नेट नाही, पावती उद्या देतो,” असे कोणी म्हटले तर गाडी रिकामी करण्याआधी छापील पावती मागा. ती मिळत नसेल तर भरल्या गाडीचे वजन, वेळ आणि गाडी क्रमांक कागदावर लिहून सहीनिशी घ्या. रिकाम्या गाडीचे वजनही त्यावरच लिहून घ्या. वर्षभराचे कष्ट त्या एका आकड्यात असतात. तो मागताना संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी