रंग निवडा, पण ओट्यापाशी उभं राहून!

घराला रंग काढायचं ठरलं की घरात मतांचा नुसता पाऊस पडतो. बाहेरच्या खोलीचा रंग आमचे हे ठरवतात, मुलांच्या खोलीचा मुलं ठरवतात आणि स्वयंपाकघराची पाळी आली की सगळे एका सुरात म्हणतात, "तिथं काय, कुठलाही चालेल! फोडणीनं खराबच व्हायचा आहे."

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच होतं ना? पण दिवसातले चार-पाच तास आपण ज्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असतो, तिला "कुठलाही" रंग कसा चालेल?

हे शहाणपण मला ठेच लागल्यावर आलं. तीच हकिगत आज सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आमचं साताऱ्याचं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. जुनी मांडणी जाऊन कपाटं आली. शहाबादी फरशीचा ओटा जाऊन काळ्या ग्रॅनाइटचा आला. रंगाच्या बाबतीत मात्र या खेपेला मी हट्टच धरला. माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी गडद शेवाळी भिंती पाहिल्या होत्या. काय सुरेख दिसत होत्या! दुकानातून शेडकार्ड आणलं, त्यातल्या तसल्याच एका चौकोनावर बोट ठेवलं आणि रंगारी कामाला लागले.

रंग छानच लागला. पंधरा दिवस आल्यागेल्याला मी कौतुकानं दाखवत होते. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. सासूबाई दिवेलागणीनंतर स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. वास्तविक संध्याकाळच्या भाकऱ्या म्हणजे त्यांचं राखीव काम. वयाची सत्तरी उलटली तरी ते त्यांनी सोडलं नव्हतं. मला वाटलं, जुना ओटा मोडला म्हणून रुसल्या असतील. मीही मनात अढी धरली. शाळा करून यायचं आणि वर भाकऱ्याही आपणच थापायच्या!

एका संध्याकाळी मला उशीर झाला म्हणून त्यांनी चहा टाकला, आणि त्यात साखरेऐवजी मीठ पडलं. मुलं खदखदून हसली. त्या हसल्या नाहीत. रात्री हळूच म्हणाल्या, "अगं, मला तिथं दिसतच नाही. भिंत काळोखी, ओटा काळा, तवा काळा. हात कुठं नि जाळ कुठं, भीती वाटते बघ. पण तू एवढ्या हौसेनं रंग काढलास, बोलू कशी?"

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रंगाकडे पाहत बसले होते, माणसाकडे पाहायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदूची सुरुवात निघाली. त्यावरचे उपचार पुढे झालेच. पण एक गोष्ट पक्की समजली. वय वाढतं तसा डोळ्याला उजेड जास्त लागतो. फिकी भिंत दिव्याचा उजेड परत खोलीत टाकते, गडद भिंत तो गिळून टाकते. आमच्याकडे उत्तरेला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला लागून. बाईंच्या घरी पूर्वेला भली मोठी खिडकी होती. रंग तोच, पण उजेड तो नव्हता!

तेव्हा रंग निवडण्याआधी पुढच्या गोष्टी जरूर करा.

उजेड कुठून येतो ते पाहा. खिडकी उत्तरेला असेल किंवा लहान असेल तर सायीचा, बदामी, फिकट पिवळा असे उबदार रंग बरे. पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर फिकट पिस्ता किंवा आकाशी डोळ्यांना थंड वाटतो. छत मात्र पांढरंच ठेवा.

शेडकार्डावर विसंबू नका. काड्यापेटीएवढ्या चौकोनावरून अख्ख्या भिंतीचा अंदाज येत नाही. दोन-तीन रंगांचे लहान डबे आणा. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्या आणि वाळल्यावर ते ओट्यामागे उभे करा. सकाळी पाहा, दुपारी पाहा आणि रात्री दिवा लावून पाहा. पिवळसर दिव्याखाली आकाशी रंग मळकट दिसतो, पांढऱ्या दिव्याखाली बदामी रंगाची ऊब जाते. दिवा बदलणार असाल तर आधी दिवा, मग रंग.

कोणता रंग याइतकंच कोणत्या जातीचा रंग हेही महत्त्वाचं. साधा डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्यानं वारंवार पुसला की उतरतो. पांढरा ऑइलपेंट धुता येतो, पण काही वर्षांत पिवळा पडतो. स्वयंपाकघराला धुता येणारा, किंचित चमक असलेला प्लॅस्टिक इमल्शन सोयीचा. फार चकचकीत घेऊ नका, भिंतीचा उंचसखलपणा उठून दिसतो.

आधी भिंत धुवा. तेलकट भिंतीवर कितीही महागाचा रंग द्या, तो धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत पुसा (हातमोजे घाला), मग स्वच्छ पाण्यानं पुसून नीट वाळू द्या. नवा गिलावा असेल तर चार आठवडे तरी थांबा. ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. गडद रंगावर फिका द्यायचा असेल तर मध्ये प्रायमरचा हात हवाच.

जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे 90 भागांहून जास्त शिसं असायला कायद्यानं बंदी आहे. पण भिंतीवरचा थर त्याआधीचा असेल तर? रंगाऱ्याला पाणी मारून ओलाच घासायला सांगा आणि त्या दिवशी मुलांना, गरोदर बाईला त्या खोलीपासून दूर ठेवा. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आणखी एक. लागणारा सगळा रंग एकदम, एकाच बॅचचा घ्या आणि त्याचा नंबर वहीत टिपून ठेवा. पुढे भिंत कुठं खरचटली तर तोच रंग मिळवणं सोपं जातं.

आम्ही पुढच्या दिवाळीच्या आधी भिंती पुन्हा रंगवल्या. खर्च दोनदा झाला, यांनी चार शब्द ऐकवले, तेही ऐकून घेतले. या वेळी तीन पुठ्ठे ओट्यामागे उभे केले आणि दिवेलागणीला सासूबाईंना तिथं नेऊन विचारलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मधल्यावर बोट ठेवलं. "हा ताकाचा रंग घे. यावर तव्याची कड दिसते."

शेडकार्डावर त्या रंगाचं नाव काही वेगळंच छापलेलं होतं. आमच्या घरात तो ताकाचाच रंग. ओट्यावर कपाटाखाली एक दिवा लावला, मीठ-साखरेच्या बरण्यांना वेगवेगळ्या रंगांची झाकणं आणली. शेवाळी रंगाची माझी हौस फळीमागच्या एका कोनाड्यात भागली.

आता संध्याकाळी मी शाळेतून येते तेव्हा दारातच भाकरीचा खमंग वास येतो. तुमच्या घरी रंगाची बोलणी चालली असतील, तर शेडकार्ड उघडण्याआधी एवढंच विचारा, या भिंतीपुढं उभं कोण राहणार आहे? आणि तिला तिथं नीट दिसेल ना?