लाटांचे स्थैर्य

किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यावर सारख्या अंतराने एकामागून एक येणाऱ्या लाटा पाहिल्या, म्हणजे त्यांची ही शिस्त अखंड टिकेल असे वाटते. अशा लाटांचे गणित केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ साली मांडले. आकार न बदलता एकाच वेगाने पुढे सरकणाऱ्या या लाटेचा माथा निमुळता व दरी पसरट असते. उंची वाढली, की तिचा वेगही किंचित वाढतो. ही लाट पाण्याच्या समीकरणांत खरोखर बसते, हे नेक्रासोव्ह यांनी १९२१ मध्ये व लेव्ही-चिविता यांनी १९२५ मध्ये सिद्ध केले.

परंतु समीकरणाला उत्तर असणे निराळे आणि ते उत्तर निसर्गात टिकणे निराळे. पालथ्या वाटीच्या माथ्यावर गोटी ठेवता येते. पण झुळूक आली, की ती घरंगळते. सुलट्या वाटीतली गोटी हलविली, तरी पुन्हा तळाशी येते. मग लाटेची गोटी कोणत्या वाटीत आहे?

१९६७ साली ब्रुक बेंजामिन आणि फेअर यांनी याचे उत्तर दिले. लांब हौदात यंत्राने निर्माण केलेल्या लाटा प्रारंभी अगदी नियमित होत्या. सुमारे ६० मीटर पुढे गेल्यावर त्यांची रांग विस्कटून गेली. दोष यंत्राचा नव्हता. मूळ लाटेहून किंचित लांब व किंचित आखूड अशा दोन क्षीण लाटा पाण्यात कोठून तरी उद्भवतातच. लांब लाट आखूड लाटेहून वेगाने धावते, म्हणून या तिघींचा मेळ बसू नये. पण उंचीमुळे वेगात पडणारा फरक ही तफावत भरून काढतो. मेळ बसला, की दोघी सोबतिणी मूळ लाटेची ऊर्जा शोषून झपाट्याने वाढतात. मात्र पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या सुमारे ०.२२ पटीहून कमी असेल, तर हा प्रकार घडत नाही.

तेवढ्याने उथळ पाण्यातील लाट निर्धोक ठरली नाही. २०११ मध्ये डेकोनिंक व ओलिव्हेरास यांनी गणकयंत्राच्या साह्याने तेथेही मंद गतीने वाढणारी दुसरी अस्थिरता दाखविली. खोल पाण्यातील अस्थिरतेचा आलेख इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा असतो, याची संपूर्ण सिद्धता बेर्ती, मास्पेरो व व्हेंतुरा यांनी २०२२ मध्ये दिली.

या गणिताचे महत्त्व कागदापुरते नाही. समान लाटांची रांग फुटली, की तिची ऊर्जा मोजक्या लाटांत एकवटू शकते. आणि जहाजाला धोका असतो तो सरासरी लाटेचा नव्हे, तर अशा एकट्या उंच लाटेचा.