तटस्थ देशात उतरलेल्या बॉम्बरचं पुढे काय होई?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर हल्ल्याला गेलेली दीडशेहून अधिक अमेरिकी विमानं स्वित्झर्लंडमध्ये उतरली किंवा कोसळली. स्वित्झर्लंड तटस्थ, म्हणजे कोणत्याच बाजूने न लढणारा देश. तिथे पोचलं की वैमानिक सुटला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते तसं नव्हतं.

आपणच त्या विमानात आहोत असं समजू या. एक इंजिन बंद पडलंय, इंधन गळतंय. इंग्लंड गाठायचं तर शत्रूच्या मुलखावरून शेकडो किलोमीटर जावं लागणार. त्यामानाने स्वित्झर्लंड जवळ आहे.

पहिली अडचण सीमा ओळखण्याची. ऱ्हाइन नदी ओलांडली की स्वित्झर्लंड, असा सरळ हिशेब चालत नाही, कारण शाफहाउझेन हे स्विस शहर नदीच्या उत्तरेला आहे. 1 एप्रिल 1944 रोजी अमेरिकी विमानांनी त्याच्यावरच चुकून बॉम्ब टाकले. 40 माणसं गेली.

मग खूण करायची. चाकं खाली सोडायची, प्रकाशगोळे उडवायचे आणि गोळीबार मुळीच करायचा नाही. हेच सर्वांत अवघड, कारण सामोरी येणारी स्विस लढाऊ विमानं बरेचदा जर्मन बनावटीची मेसरश्मिट असत. गैरसमज होत. काही जायबंदी अमेरिकी विमानं स्विस माऱ्यानेही पडली.

बहुतेकांना झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फ तळावर उतरवत. उतरताच गुप्त उपकरणं नष्ट करायची धडपड चाले, पण तोवर सैनिकांचा वेढा पडलेला असे.

आता कायदा पाहू. 1907 च्या हेग करारानुसार, लढणाऱ्या देशाचे सैनिक तटस्थ भूमीत शिरले तर त्यांना युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध करावं लागतं, म्हणजे देशाबाहेर जाऊ न देता पहाऱ्यात ठेवावं लागतं. मात्र जर्मन तुरुंगातून निसटून पायी आलेला युद्धकैदी तिथे मोकळा राही. विमानाने उतरलेला अडके, चालत आलेला सुटे! हा नियम जमिनीवरच्या फौजांसाठी लिहिलेला होता. विमानांसाठी 1923 मध्ये नियमांचा मसुदा झाला, पण तो बंधनकारक कधीच ठरला नाही.

वैमानिकांना आडेलबोडेन, वेंगेन, दावोस अशा डोंगरगावांत, पर्यटक नसल्याने ओस पडलेल्या हॉटेलांत ठेवत. तिथवर हाल फारसे नव्हते. पण 1944 मध्ये फ्रान्स मुक्त होऊ लागल्यावर अनेकांनी पळायचा प्रयत्न केला. पकडले गेलेल्यांपैकी कित्येकांची रवानगी वाउविलरमोसच्या दंडछावणीत झाली. घाण, उपासमार आणि मारहाण यांसाठी ती कुप्रसिद्ध होती. तिच्या प्रमुखाला युद्धानंतर स्विस लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं.

तटस्थ देशाच्या ताब्यात होते म्हणून हे लोक युद्धकैदी मानलेच गेले नाहीत. माझ्या मते हा त्यांच्यावरचा मोठा अन्याय होता. वाउविलरमोसमधून जगून आलेल्या मोजक्या वृद्धांना अमेरिकेने युद्धकैद्याचं पदक दिलं, ते 2014 मध्ये.