दहा हजारांचे सत्तावीस हजार

पारोळ्याकडचा एक मुलगा मनात धरू. जळगावात इंजिनिअरिंगला आहे. चार वर्षांत चार लाखांचं शैक्षणिक कर्ज, दरवर्षी एक लाख उचललेलं, व्याज सोयीसाठी दहा टक्के. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. निम्मं वसतिगृह असंच समजून चालतं, की या पाच वर्षांत कर्ज झोपलेलं असतं. ते झोपत नाही. या काळात सरळ व्याज लागतं. पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण १,४०,०००. हप्ता सुरू होतो त्या दिवशी चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात आणि इथून पुढे व्याज मुद्दल म्हणूनच वागतं.

दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता येतो साधारण ७,१३६ रुपये. पहिल्या हप्त्यातले ४,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. इथवरचं गणित उदास करणारं आहे. मजा पुढे आहे.

समजा या मुलाने फेड सुरू होते त्याच दिवशी दहा हजार जास्तीचे भरले आणि बँकेला लिहून दिलं की हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा. दहा वर्षांनी त्याच्या हिशेबातून किती रक्कम गळते? दहा हजार नाही, सुमारे सत्तावीस हजार. शेवटचे जवळजवळ चार हप्ते पुसले जातात! बारकाईने काढलं तर दहा टक्क्यांच्या मासिक चक्रवाढीने दहा हजार दहा वर्षांत २.७०७ पट होतात. गणिताच्या विद्यार्थ्याचे कान इथे टवकारले पाहिजेत, कारण शेजारीच २.७१८ बसलेला आहे. तोच तो ‘ई’; दहा टक्के दहा वर्षं म्हणजे शंभर टक्केच. १६८३ साली याकोब बर्नुली चक्रवाढ व्याजाचाच विचार करत होता: एका रुपयावर वर्षाचं शंभर टक्के व्याज एकदम न जोडता महिन्याला, दिवसाला, क्षणाक्षणाला जोडलं तर रक्कम कुठवर वाढेल? ती अनंत होत नाही, या आकड्यापाशी येऊन थांबते. अकरावी-बारावीच्या पुस्तकात घोकलेला हा आकडा पारोळ्याच्या मुलाच्या कर्जखात्यात दहा वर्षं मुक्कामाला असतो आणि त्याला पत्ता नसतो.

हे त्याला सांगणार कोण, आणि कधी? वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच स्पष्ट केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पात्र तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातलं आणि त्यानंतरच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. म्हणजे वरचे १,४०,००० उभेच राहत नाहीत. पण उत्पन्नाचा दाखला वेळेत शाखेत पोचायला हवा. माहिती सगळी आहे. योग्य महिन्यात ती कानावर घालणारं माणूस नाही. कर्जबाजारी विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शकांचं व्यासपीठ बांधायचं म्हटलं तर माझ्या मते पहिली वीट हीच.

आणि महिना खानदेशचा हवा. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, कपाशीचा पैसा येत नाही. तो वेचणीनंतर, दिवाळीच्या पुढेमागे हातात पडतो आणि लग्नसराईपर्यंत टिकला तर टिकला. रावेर-यावलच्या केळीचं वेळापत्रक निराळंच. तेव्हा ‘जास्तीचे पाच-दहा हजार भरता येतील का?’ हा निरोप जूनमध्ये, बियाणं-खताच्या तोंडावर धाडणारं ॲप कितीही देखणं असलं तरी शहाणं नाही. कापूस विकल्याच्या आठवड्यात अहिराणीत एक फोन यावा: ‘भाऊ, हप्ता कितला शे?’ त्याने जास्त काम होईल.

दुसरी अडचण लाजेची. कर्जात वडील सहकर्जदार असतात. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीतकडे सरकतं आणि डाग वडिलांच्याही नावावर लागतो. म्हणून मुलगा घरी बोलत नाही, मित्रांत तर नाहीच. त्याला प्राध्यापक नको असतो. चार वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसलेला, सध्या स्वतः हप्ते भरत असलेला दादा किंवा ताई हवी असते. जवळ राहण्याचं महत्त्व अमळनेरला ठाऊक होतं. १९२४ पासून साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. आज जळगावात ‘दीपस्तंभ’ ही संस्था ग्रामीण आणि दिव्यांग मुलांना स्पर्धा परीक्षांसाठी हाताशी धरते. रीत परकी नाही, कर्जापर्यंत न्यायची राहिली आहे.

मग प्रश्न जोड्यांचा. कोणाला कोण द्यायचं? याचंही उत्तर एका थक्क करणाऱ्या गणितात आहे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी ते मांडलं. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीच्या मार्गदर्शकाला विचारतो. मार्गदर्शक ‘हो’ म्हणत नाही, ‘थांब’ म्हणतो. त्याच्या मते अधिक योग्य कोणी आला तर आधीच्याला मोकळं करतो, तो पुढच्या पसंतीकडे जातो. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये बेटरमेंटची वाट पाहिलेल्यांना ही धाकधूक माहीत आहे. हे चक्र नेहमी थांबतं, आणि थांबल्यावर अशी एकही जोडी उरत नाही, की जिच्यातले दोघंही आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जायला तयार आहेत. अशा वाटपाला स्थिर म्हणतात. त्याहून चकित करणारी गोष्ट: जी बाजू विचारते तिलाच शक्य तितकी चांगली जोडी मिळते. मार्गदर्शकांना मुलं निवडू दिली तर झुकतं माप मार्गदर्शकांकडे जातं. म्हणून विचारायचा हक्क विद्यार्थ्याकडेच ठेवायचा. यात मला तडजोड दिसत नाही. शॅप्लींना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

रॉथ यांचाच एक निष्कर्ष खानदेशाने लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेतल्या खेड्यांतल्या इस्पितळांना नवे डॉक्टर मिळत नव्हते. वाटपाची पद्धत बदलून भागेल का, हे तपासताना दिसलं की पसंतीच्या याद्या त्याच असतील तर कोणत्याही स्थिर वाटपात रिकामे राहणारे तेच राहतात. साक्री तालुक्यातल्या एखाद्या मुलीला कोणीच मिळालं नाही, तर संगणकाची कितीही मिनतवारी केली तरी ती तशीच उरेल. तिची यादी लांब करावी लागेल, नाहीतर साक्रीहून सुरतला, नाशिकला, पुण्याला नोकरीला गेलेल्यांपैकी आणखी एकाला फोन करावा लागेल.