उथळ पाण्यातला कॅमेरा

पावसाळा सरून दर्या शांत झाला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या बोटी पुन्हा पर्यटकांना घेऊन निघतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हा हंगाम चालतो. स्कुबा डायव्हिंगसाठी येणाऱ्यांत अलीकडे एक बदल ठळक दिसतो. पूर्वी लोक पाण्याखालचे जग बघायला जायचे, आता ते टिपायला जातात. कुणाच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल असतो, कुणाच्या मनगटाला ॲक्शन कॅमेरा, तर एखाद्या हौशी मंडळींकडे दोन दिवे लावलेला मोठा कॅमेरा. सगळ्यांची समजूत मात्र एकच असते : 'आठ-दहा मीटर तर जायचंय, तेवढ्याने काय होतंय?'

कॅमेऱ्याचे आणि शरीराचे बरेचसे नुकसान नेमके या 'तेवढ्यात'च होते.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण एवढा दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या १० मीटरमध्ये दाब एकाचे दोन होतो. पुढच्या १० मीटरमध्ये दोनाचे तीन, म्हणजे फक्त दीडपट. बंदिस्त हवेचे आकारमान दाबाच्या उलट प्रमाणात बदलते. त्यामुळे सर्वांत मोठी उलथापालथ सर्वांत वरच्या थरात होते. हवा कानात असो, छातीत असो वा कॅमेऱ्याच्या डब्यात, नियम एकच.

कानाचा अनुभव बहुतेकांना येतो. दोन-तीन मीटरवरच कानात दडा बसतो, मग दुखू लागते. पडद्यामागच्या पोकळीतली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे दुखण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला करायचे असते. कॅमेरा सांभाळण्याच्या नादात दोन्ही हात अडकलेले असले तर नाक धरायला हातच उरत नाही. सर्दी असताना ही नळी सुजलेली असते. त्या दिवशी कॅमेऱ्याला आणि मालकाला, दोघांनाही सुट्टी द्यावी. नाकात थेंब टाकून उतरण्याची युक्ती अर्ध्यातच दगा देते, कारण औषधाचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा अडकते.

कॅमेऱ्याच्या जलरोधक डब्याला, म्हणजे हाउसिंगला, दाब सारखा करण्याची सोय नसते. त्याला तो सोसावाच लागतो. १० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो जादा भार येतो. हाउसिंगचे मागचे झाकण १५ बाय १० सेंटिमीटरचे असेल, तर त्यावर दीडशे किलो. हा भार आणि आतला कोरडेपणा यांच्यामध्ये उभी असते ती एक रबरी कडी : ओ-रिंग. लाखभराच्या कॅमेऱ्याचे नशीब या काही रुपयांच्या कडीवर अवलंबून असते.

गंमत अशी की खोल गेल्यावर ही कडी अधिक घट्ट बसते, कारण पाण्याचा दाबच झाकण आवळून धरतो. गळती बहुधा होते ती पृष्ठभागाजवळ. बोटीवरून उडी मारताना, लाटांत हेलकावे खाताना, अगदी गोड्या पाण्याच्या टबात धुतानासुद्धा. कारणही क्षुल्लक असते. कडीवर पडलेला एक केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा किंवा वाळलेल्या मिठाचा खडा. म्हणून हाउसिंग किनाऱ्यावर किंवा हलत्या बोटीत बंद करू नये. आदल्या रात्री, पंखा बंद करून, चांगल्या उजेडात, कोरड्या हातांनी हे काम उरकावे. कडी काढायला टाचणी, सुरी, पिन वापरली की तिच्यावर ओरखडा उठतो. एटीएम कार्डाचा बोथट कोपरा किंवा बोटांनी दाबून काढलेला फुगवटा पुरतो. कडी बोटांच्या चिमटीतून फिरवत तपासावी, तिची खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि ग्रीस लावावे ते फक्त कडीला चमक येण्यापुरते. जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षितता, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ग्रीस पाणी अडवत नाही. ते कडीला खाचेत सरकायला मदत करते एवढेच. थापलेल्या ग्रीसला उलट वाळू चिकटते. व्हॅसलीन तर नकोच. कंपनीने त्या कडीसाठी दिलेलेच ग्रीस वापरावे, कारण सिलिकॉनच्या कडीला चुकीचे ग्रीस लागले तर ती फुगते. नंतर रिकामे हाउसिंग, आत टिश्यू पेपर ठेवून, बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून पाहावे. टिश्यू भिजला तर नुकसान टिश्यूचेच. महागड्या हाउसिंगमध्ये आतली हवा थोडी खेचून गळती तपासणारे पंप मिळतात. कॅमेरा महाग असेल तर तो खर्च करण्याजोगा आहे.

आता मोबाइलबद्दल. जाहिरातीत 'आयपी ६८' लिहिलेले असते. यातला सहा धुळीसाठी, आठ पाण्यासाठी. पण आठचा अर्थ 'कितीही खोल' असा नाही. किती मीटर आणि किती मिनिटे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते आणि चाचणी होते ती स्थिर, गोड्या पाण्यात. समुद्राचे पाणी खारे, हलते आणि फोन दोन वर्षे वापरून खिळखिळा झालेला. शिवाय पाण्यात टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही. बटणांचे जलरोधक कवच असल्याखेरीज मोबाइल खाली नेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. इथे ही म्हण शब्दशः खरी ठरते. नवख्याला ॲक्शन कॅमेरा बरा. बहुतेक चांगले ॲक्शन कॅमेरे हाउसिंगशिवाय सुमारे १० मीटरपर्यंत चालतात. मात्र ही त्यांची मर्यादा आहे, नेहमी वापरायची खोली नव्हे. हाउसिंग घालूनच न्यावा. स्वस्त हाउसिंग घेताना बटणांच्या स्प्रिंगा दाबून पाहाव्यात. कमकुवत स्प्रिंग असेल तर खोलवर पाण्याच्या दाबानेच बटण आत जाते आणि कॅमेरा स्वतःच्या मर्जीने चालू-बंद होत राहतो.

आणि फोटो निळे-हिरवे का येतात? पाणी प्रकाशातला लाल रंग आधी शोषून घेते. पाचेक मीटरवरच लाल मासा तपकिरी दिसू लागतो. पुढे नारिंगी, मग पिवळा फिका पडतो. निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणून गेलेला रंग परत आणायला दिवा लागतो. ही अडचण छायाचित्रकाराला पहिल्यापासून छळत आली आहे. फ्रान्समधील लुई बूतां या जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये भूमध्य समुद्रकाठी बान्यूल येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा त्याने ऑक्सिजनने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीत मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची सोय केली होती. आज मुठीएवढा दिवा तेच काम करतो. पण मालवणच्या पाण्यात गाळ बराच असतो. दिवा भिंगाच्या अगदी शेजारी ठेवला तर प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे दिसते. दिवा हाताच्या अंतरावर, बाजूला आणि थोडा बाहेरच्या दिशेने वळवून धरावा. दुसरा उपाय फुकट आहे : जवळ जावे. कॅमेरा आणि मासा यांच्यामधले पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ. त्यामुळे गढूळ पाण्यात झूमपेक्षा जवळून टिपणारे रुंद भिंग उपयोगी पडते.

जवळ जाणे म्हणजे प्रवाळावर टेकणे मात्र नव्हे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी पायातल्या फिनचा एक फटका अनेक वर्षांची वाढ मोडतो. प्रवाळाने त्वचेला झालेली जखमही चिघळते आणि भरायला वेळ घेते. अशी जखम लगेच स्वच्छ पाण्याने, साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का, ते पाहावे.

छायाचित्रणाच्या साहित्याची यादी कॅमेऱ्यापासून सुरू होते. ती मास्कपासून सुरू व्हायला हवी, कारण ज्याला दिसत नाही तो काय टिपणार? मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत घ्यावा. तो हात न लावता चिकटून राहिला तर मापाचा. दाट मिशा असतील तर कडेतून पाणी झिरपतेच, आणि कोकणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न काही थोड्यांचा नाही. सपाट काचेतून पाण्याखालच्या वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. त्यामुळे दूरचा किरकोळ नंबर असणाऱ्यांचे निभावून जाते. चाळिशी लागलेल्यांची अडचण वेगळी. मासा दिसतो, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा 'मेमरी फुल'चा इशारा वाचता येत नाही. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. मास्कच्या खालच्या भागात चिकटवायची छोटी भिंगेही मिळतात. नवीन कॅमेऱ्याआधी हा खर्च करावा.

आता सर्वांत गंभीर मुद्दा, श्वासाचा. जमिनीवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण नकळत श्वास रोखतो. पाण्याखाली आणखी एक मोह असतो : बुडबुड्यांच्या आवाजाने मासा पळेल ही भीती. म्हणून छातीभर श्वास घेऊन माणूस थांबतो. पण भरलेली छाती म्हणजे फुगा. ती शरीराला हळूहळू वर नेते. डोळे पडद्यावर असतात, त्यामुळे वर सरकल्याचे कळतही नाही. १० मीटरवर फुप्फुसात सहा लिटर हवा असेल, तर पृष्ठभागावर तिला बारा लिटर जागा लागेल. कंठ बंद असेल तर ही हवा बाहेर पडू शकत नाही. फुप्फुसाच्या पातळ पिशव्या फाटतात. त्यासाठी दहा मीटर वर येण्याचीही गरज नसते. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांना दीडेक मीटरचा फरकही घातक ठरू शकतो. फाटलेल्या जागेतून हवेचे बुडबुडे रक्तात शिरले आणि मेंदूत पोचले, तर वर आल्यावर काही मिनिटांत शुद्ध हरपणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे अशी लक्षणे दिसतात. ही लकव्यासारखी अवस्था धडधाकट तरुणाला, पोहण्याच्या तलावाइतक्या खोलीतूनही होऊ शकते. अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवून शुद्ध ऑक्सिजन देत, उच्च दाबाच्या ऑक्सिजन चेंबरची सोय असलेल्या ठिकाणी तातडीने हलवावे लागते. पाठीवरच्या सिलिंडरला सर्रास 'ऑक्सिजन' म्हटले जाते, पण त्यात साधी, दाबून भरलेली हवा असते. प्रथमोपचाराचा ऑक्सिजन वेगळा. तो बोटीवर आहे का, हे उतरण्याआधी विचारण्यात संकोच कशाला?

स्कुबाचा पहिला नियम म्हणूनच 'श्वास कधीही रोखू नका' असा आहे. फोटो हलला तर हलू द्यावा. हळू श्वास सोडत असताना बटण दाबण्याची सवय लावता येते. पहिल्या काही डुबक्यांत तर कॅमेरा हातात नकोच. किनाऱ्यावरचे बरेच व्यावसायिक चित्रीकरण स्वतःच करून देतात, ते घ्यावे. तरंगण्यावर ताबा आला, सिलिंडरमधल्या हवेचा काटा आपसूक बघण्याची सवय लागली, की मग कॅमेरा. तोही जॅकेटला दोरीने अडकवलेला असावा, म्हणजे गरज पडताच सोडता येतो. निसटलेल्या कॅमेऱ्यामागे झपाट्याने वर किंवा खाली झेपावणे जिवावर बेतू शकते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला. माहितीच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून देणे ही स्वतःशीच केलेली फसवणूक आहे.

वर आल्यावर कॅमेरा वाळू देऊ नये. मीठ वाळले की त्याचे स्फटिक बटणांत अडकतात आणि मग ते सहजासहजी निघत नाहीत. ओल्या टॉवेलात गुंडाळून आणावा, गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवावा, पाण्यातच सगळी बटणे दाबावीत, मग सावलीत वाळवावा. कोकणच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, त्यामुळे ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. कानही गोड्या पाण्याने धुऊन, मान कलती करून वाळू द्यावेत. काडी घालू नये.

हाउसिंगमध्ये पाणी शिरलेच तर? खारे पाणी आणि लिथियम बॅटरी यांचे सख्य नाही. बॅटरी तापते, वायू तयार होतो आणि बंद डब्यात दाब वाढतो. म्हणून असा डबा चेहऱ्यासमोर धरून उघडू नये. झाकण स्वतःपासून आणि इतरांपासून दूर वळवून, हळूच सैल करावे. बॅटरी काढून मोकळ्या जागी ठेवावी आणि ती पुन्हा चार्ज करू नये. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याने मीठ जात नाही. बॅटरी काढलेला कॅमेरा गोड्या पाण्याने धुऊन दुरुस्तीला नेलेला बरा.

परतीचा प्रवास विमानाने असेल तर सुट्या बॅटऱ्या हाताशी असलेल्या सामानात ठेवाव्या लागतात. रिकाम्या हाउसिंगची मुख्य ओ-रिंग काढून ठेवावी, नाहीतर उंचावरच्या कमी दाबात बंद झालेले झाकण खाली उतरल्यावर उघडता उघडत नाही. कमी दाबाचा हाच प्रश्न डुबकी मारणाऱ्याच्या रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचाही आहे. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असे सांगितले जाते. गाडीने आंबोलीमार्गे घाट चढणारेही सुमारे ७०० मीटर वर जातात. एकाच उथळ डुबकीनंतर त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र दोन-तीन दिवस सलग, खोल डुबक्या मारलेल्यांनी घाटाची वेळ प्रशिक्षकाला विचारूनच ठरवावी. आणि वाटेत सांधे दुखू लागले, हातापायाला मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर तो प्रवासाचा शीण न मानता जवळच्या रुग्णालयात जाऊन, डुबकी मारली होती हे आधी सांगावे.